प्रभार मोजून पेप्टाइडं वेगळी करताना: कॅटायन-एक्स्चेंज कॉलमवरचं काम, पहिल्या हिशोबापासून शेवटच्या धुण्यापर्यंत

सी-१८ कॉलम, म्हणजे अठरा कार्बनच्या साखळ्या बसवलेल्या कणांनी भरलेली नळी, पेप्टाइडांची (प्रथिनांच्या तुकड्यांची) विभागणी त्यांच्या जलविरोधीपणावर करतो. एखाद्या पेशीतली सगळी प्रथिनं ट्रिप्सिन या विकराने कापली की हजारो पेप्टाइडं होतात, आणि जलविरोधीपणा हा एकच निकष त्यांना पुरत नाही. अशा वेळी आधी प्रभारानुसार वाटे करायचे आणि मग प्रत्येक वाटा सी-१८ वर घालायचा. दोन्ही निकषांचा एकमेकांशी फारसा संबंध नसल्यामुळे ही जोडी चांगली जमते. १९८८ साली आल्पर्ट आणि अँड्र्यूज यांनी सिलिकावर बसवलेल्या पॉलिसल्फोइथाइल ॲस्पार्टामाइडवर पेप्टाइडं वेगळी करून दाखवली. २००१ मध्ये वॉशबर्न, वोल्टर्स आणि येट्स यांनी याच तत्त्वाचा कॉलम सी-१८ ला जोडून थेट मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) लावला. आज बहुतेक जण हे काम ऑफलाइन करतात, म्हणजे आधी फ्रॅक्शन (कॉलममधून क्रमाने बाहेर पडणाऱ्या द्रवाचे वाटे) गोळा करून ठेवतात. खालची पद्धत त्याचीच आहे.

प्रयोग फसला की दोष कॉलमला दिला जातो. पण बहुतेक वेळा बिघाड नमुन्यात असतो: त्यात मीठ जास्त असतं, पीएच चुकलेला असतो किंवा पेप्टाइडांवरचा प्रभार आधीच उडालेला असतो. म्हणून या लेखात ग्रेडियंटपेक्षा (मीठ वाढवत नेण्याच्या वेळापत्रकापेक्षा) नमुन्यावर जास्त वेळ घालवला आहे.

आधी कागदावर हिशोब

कॅटायन-एक्स्चेंज कॉलमवर सल्फोनेट गट असतात. ते कुठल्याही कामाच्या पीएचला ऋणप्रभारित राहतात आणि धनप्रभारित पेप्टाइडांना धरून ठेवतात. मिठाचं प्रमाण वाढवत नेलं की मिठातले धन आयन पेप्टाइडांची जागा घेतात. ज्यावर प्रभार कमी ते आधी सुटतं, ज्यावर जास्त ते नंतर.

पीएच २.७ ला मोजणी सोपी असते. ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लाचे कार्बोक्सिल गट जवळजवळ पूर्ण उदासीन असतात, शेपटीचा, म्हणजे सी-टोकाचा, कार्बोक्सिलही बहुतांश उदासीन असतो. उरतात ते धन प्रभार: एन-टोकाचा, म्हणजे साखळीच्या सुरुवातीच्या अमाइनचा, एक, आणि प्रत्येक लायसिन, आर्जिनिन व हिस्टिडिनचा एकेक. ट्रिप्सिन लायसिन किंवा आर्जिनिननंतर कापतं, त्यामुळे साध्या पेप्टाइडवर एन-टोकाचा एक आणि शेपटीचा एक असे दोन प्रभार येतात. मानवी प्रथिनांच्या ट्रिप्सिन-डायजेस्टमधली (ट्रिप्सिनने कापून झालेल्या मिश्रणातली) साधारण दोन तृतीयांश पेप्टाइडं या +२ च्या गटात मोडतात. गर्दी इथेच होणार हे आधीच ठाऊक असलं की ग्रेडियंट कुठे आडवा (संथ चढाचा) ठेवायचा ते ठरवता येतं.

सरावासाठी बीएसएचं, म्हणजे गाईच्या सीरम अल्ब्युमिनचं डायजेस्ट उत्तम. त्यात एका मिश्रणात प्रभाराच्या चारही पायऱ्या मिळतात (अक्षरं ही अमिनो आम्लांच्या एकाक्षरी खुणा आहेत: के म्हणजे लायसिन, आर म्हणजे आर्जिनिन, एच म्हणजे हिस्टिडिन):

+१ : एल-व्ही-व्ही-एस-टी-क्यू-टी-ए-एल-ए. हा प्रथिनाचा शेवटचा तुकडा आहे, म्हणून शेवटी लायसिन किंवा आर्जिनिन नाही.
+२ : एल-व्ही-एन-ई-एल-टी-ई-एफ-ए-के.
+३ : एच-एल-व्ही-डी-ई-पी-क्यू-एन-एल-आय-के. इथे हिस्टिडिनने एक प्रभार वाढवला.
+४ : आर-एच-पी-ई-वाय-ए-व्ही-एस-व्ही-एल-एल-आर. सुरुवातीचं आर्जिनिन न कापलं गेल्यामुळे आत राहिलं.

आता हेच +३ चं पेप्टाइड पीएच ५ ला तपासा. एन-टोक, हिस्टिडिन आणि लायसिन मिळून सुमारे २.९ धन प्रभार होतात. पण ॲस्पार्टिक, ग्लुटामिक आणि शेपटीचे कार्बोक्सिल आता आयनित झालेले असतात, ते मिळून सुमारे २.८ ऋण प्रभार आणतात. निव्वळ प्रभार उरला ०.१ च्या आसपास. पीएच २.७ ला जे पेप्टाइड कॉलमला घट्ट चिकटून होतं, ते पीएच ५ ला जवळजवळ मोकळं सुटेल. +२ चं पेप्टाइड तर पीएच ५ ला उणे बाजूला जातं आणि कॉलमकडे वळूनही पाहत नाही. बफरचा पीएच ३ च्या खाली ठेवायचा तो यासाठी.

काही रासायनिक बदल हा हिशोब फिरवतात. फॉस्फेट गट पीएच २.७ ला एक ऋण प्रभार आणतो, त्यामुळे एक फॉस्फेट असलेलं साधं ट्रिप्सिन-पेप्टाइड +२ वरून +१ वर येतं आणि लवकर बाहेर पडतं. एन-टोक ॲसिटिलित असेल तरी तसंच. एन-टोकाच्या ग्लुटामिनचं पायरोग्लुटामेट झालं तरी तसंच. म्हणून सुरुवातीच्या फ्रॅक्शनमध्ये फॉस्फोपेप्टाइडांबरोबर हे सगळे पाहुणे सापडतात. मेथिओनिनच्या ऑक्सिडेशनने प्रभार बदलत नाही. ॲस्पॅराजिनचं डीॲमिडेशन पीएच २.७ ला दिसत नाही, पण पीएच ५-६ ला स्पष्ट दिसतं. तेच पाहायचं असेल तर पीएच मुद्दाम वर न्यावा लागतो.

कॉलम

पेप्टाइडांसाठी सल्फोइथाइल किंवा सल्फोप्रोपिल गटाचा, ५ मायक्रॉन कणांचा आणि २०० ते ३०० अँगस्ट्रॉम छिद्रांचा कॉलम घ्या. प्रथिनांसाठी बनवलेले मऊ, मोठ्या कणांचे रेझिन इथे चालतात, पण पट्टे रुंद येतात. दुबळा कॅटायन-एक्स्चेंजर, म्हणजे कार्बोक्सिल गट असलेला, पीएच २.७ ला स्वतःच उदासीन होतो. या पद्धतीत त्याचा उपयोग नाही.

२.१ × २०० मिमीच्या कॉलमवर १०० ते ३०० मायक्रोग्रॅम पेप्टाइड आरामात बसतं. ४.६ × २०० मिमीवर अर्धा ते दीड मिलिग्रॅम. प्रवाह पहिल्यासाठी ०.२ मिली प्रतिमिनिट आणि दुसऱ्यासाठी १ मिली प्रतिमिनिट. व्यासांच्या वर्गाचं गुणोत्तर सुमारे ४.८ येतं, तेच प्रवाहाला आणि वजनाला लावायचं. वेळापत्रक तसंच ठेवता येतं. पुढचे आकडे २.१ मिमीच्या कॉलमचे आहेत, आणि त्यात द्रवासाठीची जागा साधारण अर्धा मिली धरली आहे.

बफर

बफर ए: १० मिलिमोलर पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, २५% ॲसिटोनायट्राइल, पीएच २.७.
बफर बी: तेच, शिवाय ५०० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड.

एक लिटर बफर ए साठी १.३६ ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट सुमारे ७०० मिली पाण्यात विरघळवा. ८५% फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबाने घालत पीएच २.७ वर आणा. पाव ते अर्धा मिली आम्ल पुरतं. मग पाण्याने ७५० मिली करा, ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि शेवटी वेगळं मोजलेलं २५० मिली ॲसिटोनायट्राइल फ्यूम हूडमध्ये मिसळा.

बफर बी साठी त्याच ७०० मिली पाण्यात १.३६ ग्रॅम फॉस्फेटबरोबर ३७.३ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड घाला. ते पूर्ण विरघळल्यावरच पीएच लावा. आधी पीएच लावून मग क्लोराइड घातलं तर पीएच खाली सरकतो, आणि ए व बी मधला फरक ग्रेडियंटमध्ये बेसलाइनच्या उताराच्या रूपात दिसतो.

या क्रमामागे कारणं आहेत. ॲसिटोनायट्राइल घातल्यावर पीएच मीटर जो आकडा दाखवतो त्यावर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून पीएच नेहमी पाण्यात असतानाच. गाळणंही आधीच, कारण व्हॅक्यूमवर गाळताना ॲसिटोनायट्राइल उडून त्याचं प्रमाण बदलतं. मिसळल्यावर बाटली हाताला गार लागते, कारण पाणी आणि ॲसिटोनायट्राइलचं मिश्रण उष्णता शोषून घेतं. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबा, मगच डिगॅस करा (विरघळलेली हवा काढा). गार बफर पंपावर चढवलं की नंतर गरम होताना बुडबुडे सुटतात, आणि पंपाचा दाब का हलतोय ते शोधण्यात दुपार जाते.

२५% ॲसिटोनायट्राइल कशाला? कॉलमचा सांगाडा पूर्णपणे जलस्नेही नसतो. ॲसिटोनायट्राइल नसेल तर जलविरोधी पेप्टाइडं प्रभार कमी असूनही अडकून राहतात, त्यांच्या शेपट्या लांबतात आणि प्रभाराचा क्रम बिघडतो. उलट ६०-७०% च्या पुढे गेलं की जलस्नेही आकर्षण कामाला लागतं आणि वेगळीच क्रोमॅटोग्राफी सुरू होते. शिवाय फॉस्फेटचे क्षार तेवढ्या ॲसिटोनायट्राइलमध्ये बाहेर पडतात. २५% हा मधला, निर्धोक आकडा आहे.

फॉस्फेटऐवजी अमोनियम फॉर्मेट किंवा ॲसिटेट वापरलं तर ते नंतर व्हॅक्यूममध्ये उडवता येतं. पण हे दोन्ही २१४ नॅनोमीटरला, म्हणजे पेप्टाइडं ज्या तरंगलांबीला पाहतात तिथेच, प्रकाश शोषतात, त्यामुळे ग्रेडियंट चढताना बेसलाइन इतकी वर जाते की छोटे पीक बुडतात. फॉस्फेट आणि क्लोराइड तिथे पारदर्शक असतात. डोळ्यांसमोर पीक पाहत फ्रॅक्शन गोळा करायचे असतील तर फॉस्फेट घ्या, नळीत आंधळेपणाने गोळा करायचे असतील तर फॉर्मेट.

नमुना, जिथे बहुतेक प्रयोग बिघडतात

कॉलमवर जाणाऱ्या नमुन्याच्या तीन अटी आहेत: पीएच ३ च्या खाली, क्षारांचं प्रमाण बफर ए एवढं किंवा त्याहून कमी, आणि नमुना पूर्ण स्वच्छ.

नेहमीचं डायजेस्ट ५० मिलिमोलर अमोनियम बायकार्बोनेट आणि १ ते २ मोलर युरियात असतं. ते आम्लात घेतलं की कार्बन डायऑक्साइड फसफसतो. दोनशे मायक्रोलीटर नमुन्यात १०% फॉर्मिक आम्ल थोडं थोडं घाला, झाकण उघडं ठेवा, पीएच पट्टीवर एक मायक्रोलीटर टेकवून पाहा. ५० मिलिमोलर क्षार पातळ करून ५ वर आणायचे म्हणजे दहापट पातळ करणं, आणि २०० मायक्रोलीटरचे दोन मिली होतात. ०.२ मिली प्रतिमिनिटाच्या प्रवाहाला एवढा नमुना कॉलमवर चढवायलाच दहा मिनिटं लागतात. पेप्टाइडं कॉलमच्या तोंडाशीच थांबत असल्यामुळे ते चालतं, पण यापेक्षा आधी सी-१८ कार्ट्रिजवर मीठ काढून, सुकवून, बफर ए मध्ये परत विरघळवणं चांगलं. एक दिवस वाढतो, पण नंतरचे चार वाचतात.

युरियावर प्रभार नसतो, तो कॉलमला बाधत नाही. त्याचा त्रास वेगळाच आहे. युरियाचं द्रावण तापवलं की त्यातून सायनेट तयार होतं, ते लायसिन आणि एन-टोकाला चिकटतं, आणि प्रत्येक ठिकाणी एक धन प्रभार उडतो. +२ चं पेप्टाइड +१ होऊन लवकर बाहेर येतं, आणि आपल्याला वाटतं की कॉलम थकला. युरियाचं द्रावण रोज ताजं करा, आणि ते असताना तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नका.

ग्वानिडिन हायड्रोक्लोराइड हा मात्र पूर्ण क्षार आहे. ६ मोलरचं द्रावण दहापट पातळ केलं तरी ६०० मिलिमोलर उरतं, म्हणजे बफर बी मधल्या मिठापेक्षाही जास्त. असा नमुना कॉलमवर घालणं म्हणजे पहिल्याच मिनिटाला कॉलम धुऊन काढणं. ग्वानिडिन असेल तर सी-१८ शिवाय गत्यंतर नाही.

एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट) हे डिटर्जंट म्हणजे दुसरा शत्रू. त्याचा पोटॅशियम क्षार पाण्यात विरघळत नाही. पोटॅशियम फॉस्फेटच्या बफरमध्ये एसडीएसचा अंश असलेला नमुना पडला की पांढरा गाळ होतो आणि कॉलमच्या तोंडावरची जाळी बंद. नमुना बफर ए मध्ये मिसळताच गढूळ झाला तर तो कॉलमवर घालू नका, आधी डिटर्जंट काढा. पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) किंवा उदासीन डिटर्जंट असतील तर मात्र या कॉलमचा फायदाच होतो. प्रभार नसल्यामुळे ते पहिल्या धुण्यातच निघून जातात, आणि सी-१८ वर त्यांनी घातलेला गोंधळ टळतो.

शेवटी १४,००० ग्रॅव्हिटीला दहा मिनिटं फिरवा आणि वरचं द्रावण नवीन, कमी चिकटणाऱ्या प्लास्टिकच्या नळीत घ्या. तळ हलवू नका. तळाशी उरलेले दहा मायक्रोलीटर सोडून दिले तर काही बिघडत नाही.

पहिलं रन रिकामं

नवा कॉलम बहुधा मेथॅनॉलमध्ये येतो. त्यातून आधी पाणी सोडा, दहा कॉलम-व्हॉल्यूम (कॉलममधल्या द्रवाच्या जागेच्या दहापट). मेथॅनॉलवर थेट मिठाचं बफर सोडलं तर क्षार आत बसतात. मग बफर बी वीस व्हॉल्यूम, मग बफर ए वीस व्हॉल्यूम. आता फक्त बफर ए टोचून पूर्ण ग्रेडियंट चालवा. हे रिकामं रन टाळू नका. बेसलाइन कुठे हलते, मिठातली अशुद्धी कुठे पीक देते, आदल्या नमुन्याचं काही उरलंय का, हे सगळं याच एका कागदावर दिसतं. पुढे कुठल्याही नमुन्यातला पीक शंकास्पद वाटला की पहिलं बोट या कागदावर जायला हवं.

त्यानंतर बीएसए डायजेस्ट, ५० मायक्रोग्रॅम. वर दिलेल्या चार पेप्टाइडांसाठी फ्रॅक्शन तपासा. +१ चं पेप्टाइड मास स्पेक्ट्रोमीटरवर दोन प्रोटॉनसह ५०१.८ ला, +२ चं ५८२.३ ला, +३ चं ६५३.४ ला आणि +४ चं तीन प्रोटॉनसह ४८०.६ ला दिसतं. ज्या फ्रॅक्शनमध्ये जे सापडलं त्याचं मिठाचं प्रमाण लिहून ठेवा. हे आकडे कॉलमगणिक वेगळे असतात, म्हणून दुसऱ्याच्या लेखातले आकडे उचलण्यापेक्षा आपली पट्टी आपण आखलेली बरी. दर दहा-पंधरा रनांनंतर हाच नमुना पुन्हा घाला. कॉलम सरकायला लागला तर इथेच आधी कळतं.

ग्रेडियंट आणि गोळा करणं

प्रवाह ०.२ मिली प्रतिमिनिट:

० ते १० मिनिटं, ०% बी. नमुना चढतो, प्रभार नसलेली घाण वाहून जाते.
१० ते ५०, ० ते ३०% बी. म्हणजे ० ते १५० मिलिमोलर.
५० ते ६०, ३० ते १००% बी.
६० ते ६५, १००% बी.
६५ ते ६७, परत ०%.
६७ ते ९५, ०% बी. सुमारे अकरा कॉलम-व्हॉल्यूमचं समतोलन.

पहिल्या चढात दर मिनिटाला ३.७५ मिलिमोलर वाढतात. +२ ची गर्दी याच भागात येते, म्हणून तो आडवा ठेवला आहे. तरीही +२ चा डोंगर एकाच ठिकाणी उभा राहिला तर चढ ६० मिनिटांवर न्या. प्रभार सारखा असला तरी आतली विभागणी काही प्रमाणात होते. सारख्या प्रभाराच्या पेप्टाइडांत लांब पेप्टाइडं आधी आणि आखूड नंतर सुटतात, कारण आखूड पेप्टाइडांत प्रभार जास्त दाट असतो.

समतोलनाची २८ मिनिटं कमी करण्याचा मोह होतो. सल्फोनेट कॉलमवरचं मीठ हळू उतरतं. दहा मिनिटांत उरकलं तर पुढच्या नमुन्यातली +१ ची पेप्टाइडं थेट वाहून जातात. समतोलन झालं की नाही हे वाहकता मापकावर पाहा, घड्याळावर नाही.

दर दोन मिनिटांनी एक फ्रॅक्शन, प्रत्येकी ०.४ मिली. पाचव्या मिनिटापासून पासष्टाव्यापर्यंत तीस नळ्या होतात. पहिल्या पाच मिनिटांचा द्रवही एका वेगळ्या नळीत ठेवा. कॉलमने काही धरलंच नाही असं नंतर कळलं, तर सगळा नमुना त्याच नळीत असतो. ती नळी ओतून टाकल्यावर शोध घ्यायला काहीच उरत नाही.

नळीतल्या अंतराचा हिशोब करायला विसरू नका. डिटेक्टरपासून कलेक्टरपर्यंत ०.२५ मिमी आतल्या व्यासाची एक मीटर नळी असेल तर तिच्यात सुमारे ४९ मायक्रोलीटर मावतात. ०.२ मिली प्रतिमिनिटाला हा पंधरा सेकंदांचा उशीर झाला. पडद्यावर पीक संपला म्हणून नळी बदलली तर त्याचं शेपूट पुढच्या नळीत जातं. त्याचप्रमाणे मिक्सरपासून कॉलमपर्यंतची जागा एक मिली असेल तर ग्रेडियंट कॉलमवर पाच मिनिटं उशिरा पोचतो. प्रोग्राममध्ये लिहिलेली वेळ आणि कॉलमला दिसणारी वेळ एक नसते.

तीस फ्रॅक्शन सगळे वेगवेगळे चालवायची गरज नसते. २१४ नॅनोमीटरची रेषा पाहून सुरुवातीचे आणि शेवटचे विरळ फ्रॅक्शन एकत्र करा, +२ च्या गर्दीतले वेगळे ठेवा. बारा ते पंधरा वाटे पुरे होतात. फॉस्फोपेप्टाइडांसाठी काम असेल तर सुरुवातीच्या फ्रॅक्शनना हात लावू नका, ते जसेच्या तसे वेगळे ठेवा.

मीठ काढणं

फ्रॅक्शनमध्ये आता २५% ॲसिटोनायट्राइल, फॉस्फेट आणि पोटॅशियम क्लोराइड आहे. हे थेट सी-१८ वर घातलं तर २५% ॲसिटोनायट्राइलमुळे पेप्टाइडं धरलीच जात नाहीत, आणि मिठाबरोबर कचऱ्याच्या बाटलीत जातात. ही चूक वारंवार होते, कारण मीठ काढायचं एवढंच डोक्यात असतं. व्हॅक्यूम सेंट्रिफ्यूजमध्ये आकारमान निम्म्याच्या खाली आणा, किंवा ०.१% टीएफएने (ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्लाने) पाचपट पातळ करा, म्हणजे ॲसिटोनायट्राइल ५% वर येतं. पूर्ण कोरडं करू नका. मिठाच्या खड्यात अडकलेलं पेप्टाइड नळीच्या भिंतीवरून परत मिळवणं कठीण जातं.

५० मिलिग्रॅमचं सी-१८ कार्ट्रिज १ मिली ॲसिटोनायट्राइलने ओलं करा, १ मिली ०.१% टीएफएने धुवा, नमुना हळू सोडा, पुन्हा १ मिली ०.१% टीएफएने तीनदा धुवा, आणि ५०% ॲसिटोनायट्राइल व ०.१% फॉर्मिक आम्लाने दोनदा प्रत्येकी २०० मायक्रोलीटर घेऊन सोडवा. फार जलस्नेही पेप्टाइडं, विशेषतः आखूड फॉस्फोपेप्टाइडं, सी-१८ धुताना निसटतात. त्यांच्यासाठी ग्राफाइटी कार्बनचं कार्ट्रिज ठेवा.

एचपीएलसी (पंपावर चालणारं कॉलमचं यंत्र) हाताशी नसेल तर

सल्फोनेट गटाचं कार्ट्रिज किंवा टिपमध्ये बसवलेली चकती चालते. विभागणी जाडसर होते, पण पाच-सहा वाट्यांसाठी ठीक. अमोनियम ॲसिटेटच्या पायऱ्या घ्या: २०, ५०, ८०, १२०, २०० आणि ५०० मिलिमोलर, प्रत्येकात २०% ॲसिटोनायट्राइल आणि ०.५% फॉर्मिक आम्ल. प्रत्येक पायरीला कॉलमच्या चार-पाच पट द्रव, सेकंदाला एका थेंबाहून जोरात नाही. पायऱ्यांत एक खोट आहेच. जे पेप्टाइड ६० मिलिमोलरला सुटतं ते ५० च्या आणि ८० च्या दोन्ही वाट्यांत अर्धंमुर्धं सापडतं. त्यामुळे एखादं पेप्टाइड किती आहे हे मोजायचं असेल तर दोन्ही वाट्यांची बेरीज करावी लागते.

ॲनायन-एक्स्चेंज

आम्लधर्मी पेप्टाइडांची संख्या जास्त असेल, किंवा +२ च्या डोंगरातून काही वेगळं काढायचं असेल, तर चतुर्थक अमाइनचा कॉलम आणि पीएच ८ च्या आसपासचं ट्रिस बफर घ्या. बफर निवडताना नियम साधा आहे: बफरचे आयन कॉलमच्या प्रभाराच्याच जातीचे असावेत. कॅटायन-एक्स्चेंजरला फॉस्फेट किंवा फॉर्मेट, ॲनायन-एक्स्चेंजरला ट्रिस. उलट केलं तर बफर स्वतःच कॉलमला चिकटतो आणि पीएच डगमगतो. पीएच ८ ला एन-टोकाचा प्रभार अर्धामुर्धाच असतो, म्हणून पीएचमध्ये ०.२ चा फरक पडला तरी सुटण्याची वेळ हलते. तापमानाने ट्रिसचा पीएच बदलतो हेही लक्षात ठेवा आणि ज्या तापमानाला रन करणार त्याच तापमानाला तो लावा. मोकळी सिस्टिनं अल्किलित केलेली असू द्या, नाहीतर या पीएचला ती आपसात जोडली जातात.

बिघाड ओळखताना

सगळं पहिल्या पाच मिनिटांत निघून गेलं. नमुन्याची वाहकता मोजा, पीएच पट्टी लावा. दहापैकी बहुतेक वेळा यातलंच एक कारण असतं. दोन्ही ठीक असतील तर बीएसए घाला. बीएसए नीट थांबलं तर दोष नमुन्याच्या रसायनात आहे, कार्बामिलेशनचा (वर सांगितलेल्या सायनेटच्या चिकटण्याचा) संशय आधी घ्या. मास स्पेक्ट्रोमीटरवर प्रत्येक जागी ४३ एकक जास्त दिसतं.

एकच पेप्टाइड चार-पाच फ्रॅक्शनमध्ये पसरलं. वजन निम्मं करून पाहा. पट्टा अरुंद झाला तर कॉलम ओव्हरलोड होता. तसाच राहिला तर जोडण्यांतली मोकळी जागा शोधा. चुकीच्या खोलीवर बसवलेला फेरूल (नळीच्या जोडणीतली कडी) हा नेहमीचा गुन्हेगार.

शेवटच्या टप्प्यात १००% बी ला मोठा पीक. न कापलेली, खूप आर्जिनिन-लायसिन असलेली पेप्टाइडं तिथे जमतात. हिस्टोनचं डायजेस्ट असेल तर तो अपेक्षितच आहे. बीएसएमध्येही दिसला तर डायजेशन अपुरं झालं. रिकाम्या रनमध्येही दिसला तर आदल्या नमुन्याचं उरलंय. १ मोलर पोटॅशियम क्लोराइडने धुवा, पण त्यात ॲसिटोनायट्राइल ५ ते १०% च ठेवा. मिठाचं प्रमाण वाढलं की २५% मध्ये ते बाहेर पडायची भीती असते.

पेप्टाइडं दर आठवड्याला थोडी थोडी आधी सुटू लागली. सिलिकाचा सांगाडा किंवा त्यावरचा थर झिजतोय. कुणी चुकून पीएच ८ च्या वरचं काही सोडलं होतं का ते विचारा. झिजलेला कॉलम परत येत नाही. ग्रेडियंट थोडा खाली सरकवून काही महिने काढता येतात, मग बदलावा लागतो.

दाब वाढला. कॉलम काढून दाब पाहा. दाब उतरला तर अडथळा कॉलमच्या तोंडात आहे. गार्ड कॉलम असेल तर तो बदला, नसेल तर पुढच्या वेळी लावा. कॉलम उलटा करून कमी प्रवाहाने पाणी सोडणं कधीकधी उपयोगी पडतं, पण निर्मात्याच्या कागदावर ती मुभा असेल तरच.

आणि दिवसाच्या शेवटी यंत्र मिठावर सोडून जाऊ नका. आम्लात असलेलं क्लोराइड स्टीलच्या नळ्या, पंपाचे भाग आणि जाळ्या कुरतडतं. आधी ५% ॲसिटोनायट्राइल असलेलं पाणी वीस व्हॉल्यूम सोडून क्षार काढा, मगच कॉलम ५०% मेथॅनॉलमध्ये ठेवा आणि दोन्ही तोंडं घट्ट बंद करा. पंपाच्या सीलमागची धुण्याची सोय चालू आहे का तेही पाहा. तिथे पांढरी पूड दिसली तर मीठ बाहेर झिरपतंय आणि सील बदलायची वेळ आली आहे.